तिरप्या अक्षराचा सरळ इतिहास

जाडजूड माणूस, अरुंद दार आणि अंगात घाई, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतं हे पाहायचं असेल, तर कोणत्याही महिन्याच्या एक तारखेला आमच्या बँकेत या. पेन्शनचा दिवस. काउंटरसमोर जागा हातभर आणि माणसं शंभर. प्रत्येकजण दोन्ही बाजूंनी चेपलेला. प्रत्येकाचं डोकं पुढे आणि पाय मागे. काउंटरच्या आतून पाहिलं म्हणजे मला ती माणसं वाटतच नाहीत. कुणीतरी लिहिलेली एक लांबलचक ओळ वाटते. ठळक, दाटीवाटीची आणि उजवीकडे कललेली.

छापखान्यातला माणूस या ओळीला ‘बोल्ड कंडेन्स्ड इटालिक’ म्हणेल. त्यात आमच्याकडची म्हातारी माणसं बँकेत शिरताना अजूनही चपला दाराबाहेर काढून ठेवतात. इंग्रजी अक्षरांच्या पायातही असे जोडे असतात. उभ्या काडीच्या टोकाला एक बारीकशी आडवी पट्टी असते, तिला ‘सेरिफ’ म्हणतात. जोडे काढून ठेवलेलं अक्षर ते ‘सॅन्स सेरिफ’. म्हणजे आमची पेन्शनची रांग ही नखशिखान्त बोल्ड कंडेन्स्ड इटालिक सॅन्स सेरिफ झाली. मथळ्यासाठी, पाटीसाठी, जाहिरातीसाठी जगभर वापरतात ते हे अक्षर. पुस्तकाच्या आत ते कुणी वापरत नाही. पेन्शनच्या रांगेत तरी रोज कोण उभं राहील?

आता तुम्ही म्हणाल, बी.कॉम. झालेल्या आणि वीस-बावीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसाला या अक्षराशी काय करायचं आहे? करायचं काही नाही. पण ज्या अक्षराचा हिशेब ठेवून मी हिशेब शिकलो, त्याचा ताळेबंद एकदा मांडावा म्हणतो. शिवाय या खात्यात माझ्या नावे एक जुनी बाकी आहे. ती ओघात येईलच.

माझे मामा पेंटर. साकोलीला हमरस्त्याच्या कडेला त्यांचं टिनाचं दुकान होतं. मुंबई-कलकत्ता हा रस्ता. तेव्हा त्याचा नंबर सहा होता, आता त्रेपन्न आहे. नंबर वाढला, पण साकोलीला बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे जायचो. माझं काम सुतळी धरण्याचं. सुतळीला खडूची पूड चोळायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मामांनी मधे चिमटीत धरून सोडून द्यायची. फट्ट् आवाज होऊन पाटीवर पांढरी रेघ उठे. जगात इतकी सरळ रेघ मी नंतर फक्त लेजरमध्ये पाहिली.

मामांचा दर अक्षरावर. काना, मात्रा, वेलांटी फुकट. अनुस्वार तर देवाच्या नावाने. भानगड होती ती जोडाक्षरांची. ‘स्थ’ हे अक्षर एक की दोन? गिऱ्हाईक म्हणे एक, मामी आतून ओरडे दोन, आणि मामा दीडवर तोड काढीत. ‘श्री’बद्दल तर एका राइस मिलच्या मालकाने मामांना ऐकवलं होतं, “देवाच्या नावाचे काहून पैसे घेता गा?” मामांनी ‘श्री’ फुकट काढला आणि मालकाच्या बापाच्या नावातलं एक जोडाक्षर दोन धरलं. वहीत ही नोंद कशी करायची हा माझ्या आयुष्यातला जमाखर्चाचा पहिला प्रश्न. कॉलेजात पुढे ‘समायोजन नोंदी’ शिकवू लागले, तेव्हा मला मामांचा ‘श्री’च आठवला.

राइस मिलची पाटी म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातला कठीण पेपर. देवाचं नाव, आजोबांचं नाव, ‘अँड सन्स’, ‘राइस मिल’, गावाचं नाव, आणि पत्रा दहा फुटांचा. दुसरे पेंटर पहिलं अक्षर ऐसपैस काढून मोकळे होत आणि शेवटी ‘मिल’ला जागा उरायची नाही, ‘ल’ बिचारा चौकटीबाहेर पाय लोंबकळत बसे. सुरुवातीला उधळपट्टी आणि शेवटी ओढाताण, हे चित्र पगारदार माणसाला ओळखीचं आहे. मामा आधी अक्षरं मोजायचे, मग वीत लावायचे, आणि पहिल्यापासूनच सगळ्यांना सारखं चेपायचे. अक्षर उंच, अरुंद, जाड आणि किंचित उजवीकडे कललेलं. का कललेलं, असं मी एकदा विचारलं, तर ब्रशावरची नजर न काढता म्हणाले, “सरळ अक्षर उभं राह्यते बाबू, तिरपं चालाले लागते. ट्रकवाला काही आपल्यासाठी थांबत नाही. मंग अक्षरानंच त्याच्यासंगं धावलं पाहिजे.”

मामा चौथीपर्यंत शिकलेले. पण या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी युरोपला तीनशे वर्षं लागली.

कारण हे अक्षर एका दिवसात जन्मलं नाही. तिरपेपणा एका घरचा, जाडपणा दुसऱ्या घरचा, आणि चेपलेपणा गरिबीतून आलेला.

तिरप्याचा मूळ पुरुष कारकून आहे. हे वाचून आमच्या युनियनला आनंद व्हावा. इटलीत पोपच्या दफ्तरातले कारकून हुकूम नकलून काढायचे. घाईत हात आपोआप कलतो. अक्षरं एकमेकांना टेकतात, अरुंद होतात. ते कचेरीचं वळण लोकांना इतकं आवडलं की व्हेनिसच्या आल्डुस मानुत्सिउस नावाच्या प्रकाशकाने फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून त्याचे ठसे पाडून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिल कवीचं आख्खं पुस्तक त्यात छापलं. पुस्तक लहान, हातात मावणारं. पुढे इतर देशांनी या वळणाला इटलीवरून ‘इटालिक’ म्हटलं. वळण कारकुनाचं, ठसे सोनाराच्या हातोटीच्या कारागिराचे, आणि नाव देशाचं झालं. कारकुनाचं नाव कुठेच नाही. बँकेत नोकरी असल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

आपल्याकडे असं घाईचं वळण नव्हतं का? होतं की! मोडी. हेमाडपंतांनी ती आणली अशी आख्यायिका आहे. यादवांच्या दरबारापासून पेशवाईपर्यंत आणि आमच्याकडे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात कारभाराचा कागद मोडीतच चाले. आधी कागदभर आडव्या रेघा मारून ठेवायच्या आणि मग वाळत घातलेल्या कपड्यांसारखी अक्षरं त्यांना टांगत सुटायचं. हात उचलायचा नाही, घाई सोडायची नाही. पक्कं कारकुनी अक्षर. बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरे या मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. पुढे तिथूनच मोडी खिळ्यांत छापलेली मराठी पुस्तकंही निघाली. म्हणजे आमच्या कारकुनांचंही इटालिक व्हायची वेळ आली होती. पण मुंबई-पुण्याकडच्या छापखान्यांनी बाळबोध वळण धरलं, शाळांनी तेच उचललं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी पार मोडीत निघाली. त्यामुळे देवनागरीला छापील तिरप्या अक्षराची जुनी परंपरा नाही. इंग्रज पुस्तकात एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तो तिरपा करतो. आपण ठळक करतो, किंवा अवतरणात घालतो, किंवा सरळ आवाज चढवतो.

आता जाडपणाचं घराणं. हे लॉटरीचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सरकारी लॉटरी चाले आणि तिच्या जाहिरातींनी भिंती भरत. तोवर अक्षर वाचण्यासाठी होतं. आता ते ओरडण्यासाठी हवं झालं. रॉबर्ट थॉर्न नावाच्या ओतकाम्याने अक्षरांना इतकं खाऊ घातलं की त्यांच्या पोटातली भोकं बुजायला आली. या टाइपाला ते ‘फॅट फेस’ म्हणत. पुढे १८१६ साली विल्यम कॅस्लन (हे चौथे, त्या घरात मुलाचं नाव शोधायचा त्रास कुणी घेतलेला दिसत नाही) यांनी आपल्या नमुन्याच्या पुस्तकात जोडे नसलेली एक ओळ हळूच छापली. पहिला छापील सॅन्स सेरिफ तो. ‘सॅन्स सेरिफ’ हे नाव १८३२च्या सुमाराला व्हिन्सेंट फिगिन्सने दिलं, आणि दोनच वर्षांनी थॉरोगुड नावाच्या दुसऱ्या एकाने त्याला ‘ग्रोटेस्क’ म्हणायला सुरुवात केली. ग्रोटेस्क म्हणजे बेढब. अनवाणी माणसाला पाहून साहेबाने नाक मुरडावं तसंच हे झालं.

या अनवाणीपणाचं साहेबाला अप्रूप असेल. आमच्या जिल्ह्याला नाही. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप निघाला. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतली अक्षरं पाहा. सारख्या जाडीच्या रेघा, पायात जोडे नाहीत, डोक्यावर टोपी नाही. म्हणजे वैनगंगेच्या काठी सॅन्स सेरिफ कॅस्लनच्या आधी अठराशे वर्षं हजर होता. डोकं झाकायची हौस नंतरची. विदर्भावर वाकाटकांचं राज्य आलं तेव्हा त्यांच्या ताम्रपटांत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चक्क चौकोनी पेटी आली. जाणकार तिला ‘पेटिकाशीर्ष’ लिपी म्हणतात. आणखी काही शतकं गेली आणि डोक्यावरच्या खुणा लांबत लांबत एकमेकींना मिळाल्या, तीच आपली शिरोरेषा. इंग्रजी अक्षर पायात जोडे घालतं. आपलं डोक्यावर पदर घेतं. काळ बदलला की कुणी जोडे काढतं, कुणी पदर. मामाही कधीकधी शिरोरेषा मधेमधे तोडत. विचारलं तर म्हणत, “वारा जाऊ दे ना गा.”

राहिला चेपलेपणा. याचं कारण अगदी घरगुती आहे: कागद अरुंद आणि मजकूर फार. लंडनच्या, न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांना एका लांबट कागदावर नाटकाचं नाव, नटाचं नाव, नटीचं त्याहून मोठं नाव, तारीख, दर हे सगळं कोंबायचं होतं. नाव मोठं छापायचं तर ओळीत मावेना. मग अक्षराला उंच करून बरगड्यांतून दाबायचं. एवढं मोठं अक्षर शिशात ओतणं परवडत नसे. एक तर वजन, दुसरं म्हणजे मोठा खिळा थंड होताना सपाट राहत नाही. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरं झपाट्याने कोरायचं फिरतं यंत्र काढलं. लाकूड हलकं, स्वस्त, हवं तेवढं उंच कापता येणारं. तेव्हापासून जगातल्या भिंतींवर ही उंच, जाड, चेपलेली अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

न्यूयॉर्क राहू द्या. आमच्या झाडीपट्टीत या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि नाटकांचा मुलूख. धान कापून झालं, दिवाळी उलटली की मंडई भरते, पट भरतात आणि रात्री नाटक. होळीपर्यंत गावोगावी हेच. नाटक रात्री लागतं आणि सकाळी सुटतं. प्रेक्षक तिथूनच परस्पर शेतावर. वडशाला नाटक मंडळ्यांची ऑफिसं आहेत. २०२३ साली या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टी कुठे आहे ते नकाशात शोधावं लागलं असणार. तर या नाटकांचं पोस्टर पाहा. ‘भव्य’ हा शब्द पाहिजेच. मग नाटकाचं नाव, तेही बहुधा आख्खं वाक्य. मग मंडळाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, मुंबई-पुण्याच्या नट्या, स्थानिक विनोदवीर, लावणी, स्थळ, तिथी, वार, तिकीट, आणि तळाला आयोजक मंडळाची सगळी कार्यकारिणी. एकाचंही नाव गाळलं तर पुढच्या वर्षी वर्गणी बंद. लंडनच्या नाटकवाल्यापुढे जो प्रश्न होता तोच आमच्यापुढे, फक्त आमची कार्यकारिणी मोठी.

आणि त्याच्यापेक्षा आमचं अक्षरही अवघड. इंग्रजी अक्षर हे तळमजल्याचं घर. देवनागरीचं तीन मजली. वर वेलांट्या, मात्रा, रफार, मधे अक्षर, खाली उकार. अरुंद करायला जावं तर ‘झ’, ‘क्ष’, ‘भ’ यांच्या पोटात जागा राहत नाही. जाड करायला जावं तर भोकं बुजतात. आणि तिरपं करायला जावं तर एकाची मात्रा दुसऱ्याच्या डोक्यावर. शिशाच्या खिळ्यांत तर हे जवळपास अशक्य. खिळा चौकोनी ठोकळ्यावर उभा. अक्षर कललं की त्याचं टोक ठोकळ्याबाहेर लोंबणार, आणि लोंबणारं टोक दाबाखाली आलं की तुटणार. सरळ अक्षरांच्या मात्रांनीच छापखानेवाल्यांना रडवलं होतं. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने त्यासाठी खटपट केली. त्याच छापखान्यात लहानपणी खिळे घासायला लागलेले जावजी दादाजी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतू लागले, १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू या त्यांच्या जोडीदाराने अशी सुंदर अक्षरं कापली की देशभरच्या संस्कृत पंडितांनी निर्णयसागरची पोथी कपाळाला लावली. एकेका संचात खिळे शेकड्यांनी. ते कमी कसे करावेत यावर लोकमान्य टिळकांनी डोकं खपवलं. सावरकरांनी तर ‘इ’, ‘उ’ काढून टाकून ‘अ’लाच वेलांट्या-उकार द्यायला सांगितलं. जिथे सरळ उभं राहायला एवढा खर्च, तिथे तिरपं होण्याची चैन कुणाला परवडणार?

म्हणून मराठीतलं जाड, चेपलेलं, तिरपं अक्षर बरंचसं हातानेच काढलं गेलं. मुंबईत मोठ्या लोकांनी काढलं. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावं अशी काढली की नाव पाहूनच रडायचं की हसायचं ते कळे. पेपरात जागा कॉलम-सेंटिमीटरने विकत घ्यायची, तेव्हा अक्षर चेपणं हा तिथेही हिशेबाचाच भाग. आणि साकोलीत मामांनी काढलं, हमरस्त्यावरच्या ट्रकांसाठी. शेडगे यांचं नाव मामांनी ऐकलेलं नव्हतं. पण तीन मजल्यांचा प्रश्न दोघांनाही सोडवावा लागला. मामांचा तोडगा असा: उभी काडी जाड, आडवी बारीक, दोन मजल्यांना मिळून एक जिना, म्हणजे शेजारच्या दोन वेलांट्यांची एकच कमान, आणि कलताना अख्खं अक्षर कलवायचं नाही. काना कलतो, गोलाई जागेवर राहते. “माणूस चालते तवा त्याचं पोट थोडी तिरपं होते?” असं ते म्हणत. त्यांच्या पोटाकडे पाहून मला ते पटे.

तिकडे जग पुढे चाललंच होतं. १९६३ साली इंग्लंडमध्ये लेट्रासेट कंपनीसाठी फ्रेड लॅम्बर्टने ‘कॉम्पॅक्टा’ काढला, १९६५ साली शेफिल्डच्या एका जुन्या फाउंड्रीसाठी जेफ्री लीने ‘इम्पॅक्ट’ काढला. दोन्ही जाड, दोन्ही दाटीवाटीचे. लेट्रासेटचे कागद म्हणजे गंमत: कागदावर घासलं की अक्षर उमटे, मुलं गालावर वाघ उमटवतात तसं. पुढे इम्पॅक्ट कॉम्प्युटरात शिरला, आणि देवनागरीसाठी र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने काढलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघर पोचला. आमच्या बँकेतही आला. त्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक तिरपं अक्षर असतं. ते दाबलं की निवडलेला मजकूर कलतो. कुठलंही अक्षर, कितीही, एका क्षणात. अक्षरामागे दर शून्य.

आता ती बाकी.

जिल्ह्यात फ्लेक्स आला तेव्हा मी बँकेत नवा होतो. रात्रीत छापून सकाळी टांगायचं. वाढदिवस, निवडणूक, बारसं, श्रद्धांजली, सगळ्याला एकच कापड. मामांच्या पाट्या वर्षभरात निम्म्यावर आल्या. मामांनी रडगाणं गायलं नाही. कॉम्प्युटर आणि छपाईचं लहान यंत्र घ्यायचं ठरवलं आणि माझ्याच शाखेत कर्जाचा अर्ज टाकला. अर्ज मीच भरून दिला. ‘व्यवसायाचा अनुभव’ या रकान्यात मी मोठ्या अभिमानाने तीस वर्षं लिहिलं. वरून विचारणा आली: अर्जदाराला संगणकाचं ज्ञान आहे काय? तारण काय? दुकानाची जागा कोणाच्या नावे? जागा रस्त्याची होती. ज्ञान मामांच्या मनगटात होतं आणि मनगट तारण म्हणून घ्यायची सोय आमच्या पद्धतीत नव्हती. अर्ज नामंजूर झाला. असे अर्ज रोज नामंजूर होतात. फक्त पत्र टाइप करायचं काम माझ्या टेबलावर आलं.

मी ‘विषय’ लिहिला: आपला कर्ज अर्ज नामंजूर झाल्याबाबत. विषय ठळक आणि तिरपा करायची आमच्याकडे पद्धत होती. दोन बटणं दाबली.

मामा पत्र घ्यायला स्वतः आले. चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला. मी मान खाली घालून शिक्के मारत बसलो होतो. ज्यांना शिक्क्याची गरज नव्हती त्या कागदांनाही मारले. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, “बाबू, हे अक्षर तिरपं काढलं नाही कोणी. सरळ अक्षराले ढकललं आहे.”

मी पाहिलं. खरंच होतं. काना, पोट, मात्रा, सगळं एकाच कोनात लवलेलं, जसं कुणी मागून धक्का दिला आहे आणि पडायच्या आधी फोटो काढला आहे. मंगलला तिरपा जोडीदार काढलेलाच नव्हता. यंत्र सरळ अक्षरालाच ओढून देत होतं. पुढे वाचनात आलं की अक्षरं करणारेही याला खोटं इटालिक म्हणतात. तेव्हा मला एवढंच कळलं की नकाराच्या पत्रात मामांनी दोष काढला तो फक्त अक्षराचा.

मग त्यांनी पत्राची घडी खिशात घातली, आणि आमच्याकडची रीत आहे, मामाने भाच्याच्या पाया पडायचं, म्हणून काउंटरच्या दाराशी येऊन, वाकून, माझ्या बुटांना हात लावून गेले. पायातले जोडे काढायचंही मला सुचलं नाही.

मामांचं तसं पुढे बरं चाललं. भिंतींवरच्या सरकारी घोषणा, शाळांचे फळे, नाटकांचे पडदे. दुकान मात्र उठलं. आणि अक्षरांचं तर फारच बरं चाललं आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘खंड’ आणि ‘तेको’ हे उंच, दाटीवाटीचे देवनागरी टाइप काढले. मुंबईच्या एक टाइपने ‘मोदक’ नावाचा असा गुबगुबीत टाइप काढला की रॉबर्ट थॉर्नने हात जोडले असते. सगळे फुकट मिळतात. खंड आणि तेको मी मामांना मोबाइलवर दाखवले. त्यांनी बोटांनी मोठं करून, उलटसुलट करून पाहिलं. “लेकाच्यायनं मेहनत केली आहे,” म्हणाले. मग म्हणाले, “तिरपं दाखव.” या दोघांना तिरपा भाऊ नाही. मी तसं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना एक भाकर जास्त खाल्ली.

गेल्या दिवाळीआधी आमच्या शाखेचं नूतनीकरण झालं. जुनं सामान भंगारवाल्याने उचललं. त्यात फाइलींच्या रॅकखाली एक पत्र्याची पाटी निघाली. तीन फूट लांब, वीतभर उंच. ‘कृपया रांगेत उभे राहावे’. जाड, चेपलेलं, उजवीकडे कललेलं. काना कलतो आहे, पोटं जागेवर. खाली नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती. मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ती साकोलीहून करवून आणली असणार, आणि वीस वर्षं ती माझ्या पाठीमागच्या रॅकखाली पडून होती. भंगारवाल्याने ती मला किलोच्या भावाने दिली.

घरी नेल्यावर ती लावायची कुठे हा प्रश्न पडला. बैठकीत लावली तर पाहुणे उभेच राहतील, असं बायकोचं म्हणणं. शेवटी न्हाणीघराच्या दारावर लागली. दिवाळीला मामा-मामी, त्यांची मुलं, नातवंडं सगळी आली. पहाटे अभ्यंगस्नानाची गर्दी, बोळ हातभर रुंद. मामांनी चष्मा पुसला आणि पाटीखाली उभं राहून बोटाने मोजलं.

“अकरा अक्षरं,” म्हणाले. “जोडाक्षर एकही नाही. पैसे रोख भेटले होते.” मग जरा वेळाने, “‘भे’ची मात्रा थोडी जास्त कलली गा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “आजोबा, सरका ना पुढं!” शिड्या चढून-उतरून मामांची कंबर आता पार वाकली आहे; उभे राहिले तरी चालायला निघाल्यासारखे दिसतात. खांद्यावर टॉवेल टाकून ते रांगेत पहिले उभे होते, त्यांच्यामागे नातवंडं एकमेकांना चेपून, आणि सगळ्यात शेवटी मी. त्या दिवशी मी पायात काही घातलं नव्हतं.